पाण्याची वाट आधी, झाडे मागून

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्ये वालदेवी नदीला मिळणाऱ्या एका नाल्याकाठी तुमची कॉलनी आहे. नाल्याला लागून जुना पाट आहे, त्याला कित्येक वर्षांत पाणी आलेले नाही. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात करंज, उंबर, जांभूळ आणि एक मोठा वड आहे. तिथे खंड्या, धनेश, मुंगूस, घोरपड दिसतात. दिवाळीपासून रात्री मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागलेत. कॉलनीतले निम्मे लोक म्हणतात झाडे वाचवा. उरलेल्यांच्या मते तो साप, डास आणि बिबट्याचा अड्डा आहे, साफ करून जॉगिंग ट्रॅक करावा. सुरुवात कुठून करायची, असे तुम्ही विचारले आहे.

झाडांपासून करू नका. मी मूळचा वनस्पतींचा माणूस, कामाची बहुतेक वर्षे काठाकाठाने झाडांच्या नोंदी करण्यात गेली, तरी हेच सांगेन. शहरातली झाडे १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतात आणि त्या कायद्याचा सगळा भर परवानगी आणि भरपाईवर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचे वय जेवढे, तेवढी नवी रोपे लावायची असतात. चाळीस वर्षांच्या करंजाला चाळीस रोपे. कागदावर हिशेब चोख जुळतो, रोपे कुठल्या तरी माळावर लागतात आणि काठ मोकळा होतो. २०२५ च्या अखेरीस तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे काढण्याचा प्रस्ताव आला तेव्हा काय झाले आठवा. लोक रस्त्यावर उतरले, हरकतींचा ढीग पडला, पण किती तोडणार यावरची चर्चा बघता बघता बदल्यात किती लावणार यावर गेली. झाडांवर लढलात की समोरच्याच्या हातात हा पत्ता कायम असतो.

पाण्याच्या वाटेला असा मोबदला देता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, पाट यांचे तळ आणि त्यातले पाणी, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, सरकारच्या मालकीचे. नाला कागदावर नाला म्हणून टिकला तर काठ टिकतो, आणि काठ टिकला की झाडांसाठी वेगळे भांडायची वेळ फार कमी येते. नाला कागदावरून गेला की मग वडाभोवती पार बांधून त्याला सोसायटीचे नाव देतात, एवढेच उरते.

आधी डंपरचे बघू, कारण त्याला वेळ नाही. मुरूम हे गौण खनिज. त्याच्या वाहतुकीला पास लागतो, स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी भरावी लागते. बेकायदा उत्खनन आणि वाहतुकीला संहितेच्या कलम ४८ (७) मध्ये बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आहे आणि वाहन जप्त करण्याची तरतूद पुढच्याच पोटकलमात आहे. म्हणून पहिला अर्ज पर्यावरणाचा नको, तहसीलदारांकडे रॉयल्टीचा द्या. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक आणि जागा दिसेल असे फोटो जोडा. पर्यावरणाच्या तक्रारी फायलीत झोपतात. महसूल बुडाल्याची तक्रार वाचली जाते, कारण वसुलीचे उद्दिष्ट त्या कार्यालयालाही गाठायचे असते. रात्री डंपर अडवायला मात्र जाऊ नका. फोटो घराच्या गॅलरीतून काढा.

दुसरा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. इथे एक तरतूद लोकांना सहसा ठाऊक नसते. तुम्ही तक्रार केली की उत्तर येते, 'हा नाला नाही, पावसाळी चर आहे, आणि तो पाट तर माणसाने खोदलेला, बंद पडलेला.' १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात प्रवाहाची जी व्याख्या आहे तिच्यात सध्या कोरडा असलेला जलमार्गही येतो, आणि नैसर्गिक असो वा कृत्रिम, जमिनीवरचे पाणीही येते. त्याच कायद्याचे कलम २४ म्हणते की प्रवाहाच्या वाहण्यात अडथळा येऊन प्रदूषण वाढेल अशी कोणतीही वस्तू त्यात टाकायची नाही. अर्जात ही दोन कलमे लिहा. भाषण लिहू नका.

कृत्रिम म्हणजे निसर्ग नव्हे, हा युक्तिवाद नाशिककरांनी तर मुळीच ऐकून घेऊ नये. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा घातला गेला. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणकणीस वाढले आणि थंडीत बदकांचे थवे उतरू लागले. १९८६ मध्ये ते नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. सिंचन खात्याच्या बांधकामातून झालेली जागा आज आंतरराष्ट्रीय यादीत आहे. बागलाणात आरम आणि मोसम नद्यांच्या काठी फड सिंचन पद्धतीचे जुने पाट बघा. बंधारा, पाट, पाळीने पाणी देणारा पाटकरी अशी शेकडो वर्षांची व्यवस्था, आणि त्या पाटांच्या पाझरावर वाढलेली आंबा-जांभळांची रांग. पाटाला पाणी होते तोवर तुमच्या पट्ट्यातली झाडेही त्याच्याच पाझरावर पोसली. ती आज वरून शेंडे वाळवत असतील तर कारण बहुधा तेच.

आता खरे काम, म्हणजे कागद. भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या मूळ गावाचा गाव नकाशा काढा. जुना मागा. पुढच्या एकत्रीकरणाच्या आणि विभाजनाच्या नकाशांत नाले बारीक होत जातात. गाव नकाशात नाला कुठल्या सर्व्हे नंबरांच्या मधून जातो ते बघा, मग तेच नंबर आजच्या गटांशी जुळवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशाही मिळवा. त्यात नाशिकची एक गंमत आहे. शहर नेमके २० अंश अक्षवृत्तावर बसले आहे आणि नकाशांची पाने तिथेच तुटतात, त्यामुळे उत्तरेचे आणि दक्षिणेचे अशी दोन पाने लागतात. एकच मागवून 'आमचा नाला नकाशात नाही' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

त्यानंतर सातबारा, आणि त्यात पोटखराबा. इथे जरा थांबून वाचा, कारण नाले गायब होतात ते बहुतेक इथून. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला न येणारी जमीन. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, किंवा रस्ता, पायवाट, इतरही लोक ज्याचे पाणी वापरतात असा ओढा, तळे यांनी व्यापलेली. 'अ' वर्ग लागवडीखाली आणण्याची परवानगी शासनाने नंतर दिली, 'ब' वर्गाची नाही. त्यामुळे तुमच्या नाल्यालगतच्या गटांत 'ब' वर्गाखाली किती क्षेत्र होते आणि आज किती आहे, हे जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यापासून तपासा. आकडा कमी झाला असेल तर कुठल्या फेरफाराने, कोणाच्या आदेशाने? फेरफाराचा क्रमांक सापडला की अर्धी लढाई तुमच्या बाजूची. पुढे जो अधिकारी येईल त्याला त्या कागदावर उत्तर द्यावेच लागते.

पाटाची मालकी वेगळी. तो गंगापूर किंवा दारणा प्रकल्पाचा असेल तर जमीन त्या वेळी संपादित झालेली असते आणि पाणी बंद झाल्याने ती आपोआप शेजाऱ्याची होत नाही. जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे भूसंपादनाचा नकाशा मागा. खासगी, गावकीचा पाट असेल तर प्रकरण किचकट होते आणि मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठावे लागते. पाळी कोणाची होती, पाणी कुठून कुठवर जायचे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या, सह्या घ्या. ही माणसे राहणार नाहीत.

पूररेषेबद्दल लोक भलतेच निर्धास्त असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तिच्या आतले क्षेत्र निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींच्या मधले क्षेत्र नियंत्रित. नाशिकमध्ये या रेषांची चर्चा १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाली. पण रेषा नद्यांना असतात, नद्यांना मिळणाऱ्या लहान नाल्यांना बहुधा नसतात. म्हणून तुमची रेषा तुम्हीच नोंदवा. जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी काठाने जा. झाडांच्या खोडांना अडकलेला पाचोळा, प्लॅस्टिक, गवत कुठल्या उंचीवर आहे त्याचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. तीन पावसाळ्यांचे असे फोटो असले तर 'इथे पाणी येतच नाही' हे कोणी शपथपत्रावर लिहायला धजत नाही.

झाडांचे काम दुय्यम असले तरी सोडायचे नाही. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, जागा यांची यादी करा आणि ती महापालिकेच्या उद्यान विभागाला देऊन पोच घ्या. ५० वर्षे किंवा अधिक वयाचे झाड २०२१ पासून 'हेरिटेज वृक्ष' ठरते, तेव्हा वडाचे आणि मोठ्या उंबराचे वय पुराव्यासह मांडा. तोडण्याचा प्रस्ताव आला तर वृत्तपत्रात आणि झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. सात दिवसांत यादी करायला बसलात तर हरकत भावनिक होते. यादी हातात असली की ती नेमकी होते. तुमचा पट्टा महापालिका हद्दीबाहेर असता तर गोष्ट अवघड होती. तिथे १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो, त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ आहेत, पण नदीकाठ ज्यांनी धरून ठेवला ते वाळुंज, करंज, उंबर नाहीत. किनारपट्टीवरची कांदळवने त्या यादीत आहेत, आपल्याकडची काठाची झाडे नाहीत, हे मला आजही खटकते.

२०१७ च्या पाणथळ नियमांच्या नादी लागू नका. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतेच. त्या व्याख्येतून नदीपात्रे आणि सिंचनासाठी केलेली बांधकामे वगळलेली आहेत. नांदूर मध्यमेश्वरला ते लागतात, तुमच्या नाल्याला नाही. त्याऐवजी महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र देऊन हा पट्टा लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यायला लावा. त्याने जागा वाचत नाही, पण ती नोंद पुढे कुठल्याही सुनावणीत सरकारी दस्तऐवज म्हणून उभी राहते.

आता शेजारी. बिल्डरपेक्षा मला यांचीच जास्त धास्ती असते, कारण काठाचा नाश बहुतेक वेळा सफाईच्या नावाने होतो. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात नालेसफाईला जेसीबी येतो आणि गाळाबरोबर दोन्ही काठ खरवडून नेतो. खंड्या काठाच्या मातीच्या भिंतीत बीळ करून अंडी घालतो, आणि नेमका तोच काळ त्याच्या विणीचा. विभागीय कार्यालयाला आधीच लिहून द्या की फक्त प्लॅस्टिक, मलबा आणि मोरीच्या तोंडाशी साचलेला गाळ काढावा, काठाला हात लावू नये, आणि काढलेला गाळ काठावरच ढकलून ठेवू नये. पहिल्या पावसात तो परत आत येतो. काम चालू असताना तिथे एक माणूस उभा ठेवा. चालक भला असतो, त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

डासांचे म्हणाल तर ते वाहत्या पाण्यात वाढत नाहीत, साचलेल्या सांडपाण्यात वाढतात. नाल्यात कुठल्या सोसायटीचा मैला उतरतो ते आधी शोधा. ती तुमचीच निघाली तर नवल नाही. सांडपाणी थांबल्याशिवाय जलपर्णी कितीही काढली तरी परत येते, कारण तिचे खत तुम्हीच पुरवता.

बिबट्याचा मुद्दा नाजूक आहे. दारणा, गोदावरी, वालदेवी यांच्या काठच्या उसात बिबट्या राहतो आणि काठाकाठाने शहरात येतो, हे खरे. दारणाकाठच्या गावांनी माणसे गमावली आहेत. तेव्हा 'बिबट्या आहे म्हणून जागा वाचवा' असे फलक कृपा करून लावू नका. दुसऱ्या दिवशी अर्धी कॉलनी जेसीबीच्या बाजूला जाईल, आणि लहान मुले असलेल्या घरांना तुम्ही दोष देऊ शकणार नाही. त्याला शहरात टिकवून ठेवतात ती भटकी कुत्री आणि डुकरे, आणि ती येतात उघड्या कचऱ्यावर. कचऱ्याचा ढीग हलवा, घरांकडच्या बाजूची झुडपे पाच-सहा मीटर विरळ करा, वाटेवर खालच्या दिशेने पडणारे दिवे लावा. पाण्याकडची बाजू अंधारी आणि दाट राहू द्या. वटवाघळे उंबरावर येतात ती अंधार असेल तरच. ही तडजोड मला मान्य आहे, कारण तिच्यामुळे कॉलनी एका बाजूला येते.

ट्रॅक हवाच असेल तर पाटाच्या भरावावर, मुरमाचा, फरसबंदी न करता होऊ द्या. नाल्याच्या काठाला संरक्षक भिंत आणि पेव्हर ब्लॉक मात्र नकोत. आपल्याकडे बेसाल्टवर मुरमाचा पातळ थर असतो, पावसाचे पाणी त्यातून झिरपत नाल्याच्या काठातून बाहेर पडते. भिंत घातली की हे झिरे बंद होतात आणि मार्चमध्ये आसपासच्या विहिरी, बोअर लवकर बसतात. रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट टाकल्यावर जिवंत झऱ्यांचे काय झाले, यावर नाशिकमध्ये वर्षानुवर्षे वाद चालला आणि काही ठिकाणी ते काँक्रीट फोडायला लागले. अरुणा नदीचे तर संगमातले नावच उरले आहे. काठावरच्या सुशोभीकरणाचे भवितव्य २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरात गोदापार्कात सगळ्यांनी पाहिले आहे.

लागवड पहिल्या वर्षी करूच नका. घाणेरी, सुबाभूळ, बेशरम एवढे काढा आणि काय आपोआप उगवते ते बघा. करंज आणि जांभळाची रोपे बहुधा येतातच. पुढच्या जूनमध्ये पाण्यालगत वाळुंजाच्या ताज्या फांद्या खोचा, त्या फुटतात. जरा वर निर्गुंडी, मग करंज, अर्जुन, उंबर. पात्रात काहीही नको. गुलमोहर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

न्यायालयाचे एकच सांगतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचे शुल्क १,००० रुपये. कलम १४ खालचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. दिवाळीपासून मुरूम पडतोय म्हणजे घड्याळ दिवाळीपासूनच चालू आहे. नगरसेवकांना निवेदने, पालकमंत्र्यांना निवेदने, मग उपोषण, यात लोकांचे हे सहा महिने जातात आणि शेवटी चांगली केस मुदतीवर पडते. निवेदने द्या, पण वकिलाला आजच कागद दाखवून ठेवा.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तेवढ्याच कारणाने परत येतो. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, आणि महापालिकेच्या नगररचना विभागाला साधारण असे लिहा:

'गट क्रमांक (अमुक) लगतच्या नाल्याबाबत. १) या गटांतील मंजूर अभिन्यासाची (ले-आउटची) प्रत, नाल्याची दाखवलेली रुंदी व हद्दीसह. २) नाला वळवण्यास, अरुंद किंवा बंदिस्त करण्यास परवानगी दिली असल्यास तिची प्रत व त्यासाठीचे जलसंपदा विभागाचे ना हरकत पत्र. ३) अभिन्यासातील खुल्या जागेत नाल्याचे क्षेत्र धरले आहे काय, हे दर्शवणारा क्षेत्र तक्ता. ४) संबंधित नस्तीची टिपणीसह प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.'

तिसरा मुद्दा गाळू नका. खुली जागा म्हणून दाखवलेला तुकडा प्रत्यक्षात नाल्याचे पात्रच निघतो, असे मी एकाहून जास्त अभिन्यासांत पाहिले आहे. पाहणीला दोघे जा, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पान क्रमांक लिहून घ्यायचे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर लगेच पहिले अपील करा. भूमी अभिलेख आणि जलसंपदा यांना वेगळे अर्ज लागतील, एकाच अर्जात तिन्ही खाती कोंबू नका.